चालेल तिथे चिंचोका

आमच्या मन्मथअप्पांच्या ओसरीवर चहा सुखासुखी मिळत नसे. चहा, ताक की गूळपाणी, याचं आधी मतदान. अप्पा तीन वाट्या मांडायचे, मूठभर चिंचोके पुढं करायचे आणि म्हणायचे, "जे जे चालंल, त्या त्या वाटीत टाका. एकालाच मत देऊ नका. बाकीचे रुसतेत."

सोयरे वैतागत. व्याह्यांनी एकदा विचारलं, "अप्पा, पोरगी बी अशीच दिली का?"

"हाव की. तुमचं पोरगं आमच्यात कुनाच्याच पैल्या पसंतीचं न्हवतं. पन समद्यांना चाललं."

देवणीच्या बाजूला आमचं गाव. घराण्यातला पहिला बी.ए. मी, म्हणून चिंचोके मोजायचं काम माझ्याकडं. ते मी मानानं करायचो.

लातूर नवा जिल्हा झाला, तसं गावाला वाटलं, आता सगळं नवंच येणार. आला दुष्काळ, तो जुनाच. विहिरी आटल्या. टँकर सुरू झाला, पण ड्रायव्हर म्हणाला, "एकाच जागी थांबणार. जागा ठरवा, न्हाईतर मी चाललो पुढच्या गावाला."

हात वर करायला लावले. ज्याचा त्याचा हात आपल्या गल्लीसाठी. थोरली गल्ली जिंकली आणि बाकीच्यांनी टँकरपुढं घागरी आडव्या घातल्या. टँकर भरलेलाच परत गेला.

मग अप्पांनी पारावर मडकी मांडली, जागेगणिक एक. थोरली गल्ली, वेस, शाळा. गंगूआक्का ओरडली, "अप्पाचं आंगण बी ठिवा. गावाच्या मधी हाय." तेही ठेवलं.

अख्खं गाव चिंचोके टाकून गेलं. मी मोजले. आपापल्या जागेला देऊन झाल्यावर जवळजवळ प्रत्येकानं एक चिंचोका अप्पांच्या अंगणालाही दिला होता. अंगण जिंकलं.

 टँकर आत यायचा तर अंगणाची भिंत पाडावी लागणार. ती भिंत अप्पांच्या बायकोनं, काशीबाईंनी, स्वतः माती तुडवून उभी केलेली. आणि काशीबाई आता नव्हत्या.

"माझा चिंचोका त्यात न्हवता," ते हळूच म्हणाले.

सरपंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अप्पा. वेशीला बी लई पडलेत, तिथं थांबवू."

"मग मोजलं कशाला?" अप्पा उठले. "मी हारलो की मोजणी खोटी व्हय?"

कुदळ त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. राज्यशास्त्र मी पुस्तकातून शिकलोय. पण हरलेला माणूस आपल्याविरुद्धचा निकाल आपल्याच हातानं अमलात आणताना मी तेवढा एकच पाहिला.

दुसऱ्या दिवशी टँकर थेट अंगणात आला. नळीवरून बायकांची जुंपली. गंगूआक्कानं कुणाची तरी घागर लाथाडली, शिव्यांना ऊत आला. अप्पांना त्रास नको म्हणून मी आवरायला पुढं झालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"बस की रे बी.ए. भांडू दे त्यांला." ते बाजेवर सरकले, मला जागा केली. "काशी गेल्यापून या आंगणात कुनी भांडलंच न्हाई बघ."