निंबाजीराव कोडनवीस यांचे संतोषपत्राची हकीकत

श्रीकृपेनें वीज अखंड असो आणि सर्व्हर उभा असो. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपदमासीं, राज्यांत दीडशें कोडनवीस चाकरीस होते, आणि त्यांत निंबाजीराव म्हणोन एक जुने, हाताचे नेक, तोंडाचे फटकळ. कोडनवीस कोड लिहीत, आणि मग तो चालता व्हावा म्हणोन बांधणीयंत्रांत घालीत, आणि यंत्र चाळीस मिनिटें घुरघुरत बसे, आणि मग सांगे कीं अमुक ओळीस अर्धविराम राहिला. मग अर्धविराम घालावा आणि पुन्हा चाळीस मिनिटें माशा माराव्या, ऐसें आयुष्य चाललें. निंबाजीरावांनीं तीन वर्षांत सात अर्ज केले कीं, यंत्र उघडूं द्यावें, आठ दिवसांत नीट करितों. सातव्यांत लिहिलें कीं, न दिल्यास चाकरी सोडितों. उत्तर आलें कीं, कामाची घाई आहे, फुरसत नाहीं.

इतक्यांत हुजुरांचे कानीं आलें कीं कोडनवीस नाखूष. मग भामिनीबाईसाहेब यांस संतोषाची मुतालिकी दिली, आणि बाईसाहेबांनीं कॅरम आणविला, लोळावयास मऊ पिशव्या आणविल्या, दर शुक्रवारीं केक कापविला, आणि निंबाजीरावांस फर्माविलें कीं, कॉम्प्युटरावर संतोषपत्र तयार करावें, ज्यांत जो तो आपले सुखास दहापैकीं गुण देईल. निंबाजीराव हरखले, जे आतां सर्वांचें दुःख एकदम हुजुरांपुढें मांडूं आणि यंत्र उघडण्याची सनद मिळवूं. पत्र एकदांच बांधिलें आणि तैसेंच धाडिलें.

आठवे दिवशीं दरबार भरला आणि बाईसाहेब बोलल्या, "दीडशांनींही दहापैकीं दहा दिले! राज्य सुखी जाहलें." हुजूर संतोषले आणि बोलिले, "मग त्या यंत्राचें रडगाणें आतां पुरे." निंबाजीराव पांढरेफटक पडले, कीं त्यांनीं स्वतः दोनच गुण दिले होते. मग उमगलें कीं, पत्रांत आरंभीं नमुन्यास दहाचा आंकडा घातला तो तैसाच राहिला, आणि कोणी कितीही बदलला तरी दहाच नोंदला जातो. गप्प बसावें तर अब्रू वांचते, परंतु यंत्रही तैसेंच राहतें. मग उभे राहोन म्हणाले, "सरकार, पत्र खोटें आहे आणि चूक माझी आहे."

"तपासलें कां नाहीं?"

"तपासावयास पुन्हा बांधावें लागतें, सरकार. जेवणाची वेळ झाली होती."

दीडशें कोडनवीस खो खो हंसले आणि हुजुरांस कारण कळेना, म्हणोन अधिकच कोपले आणि जागींच हुकूम लिहविला: "संतोषपत्र नीट करावें, त्याकामीं जें जें लागेल तें तें करावें." निंबाजीरावांनीं 'जें जें' हे दोन शब्द दोनदां वाचिले आणि कागद कपाळीं लाविला. मग यंत्र उघडिलें आणि आठ दिवस झटले, आणि पहिली बांधणी दोन मिनिटांत उतरली तेव्हां त्यांचे डोळे भरोन आले. मग पत्राची चूकही काढिली, ती एका ओळीची होती.

नवें संतोषपत्र फिरलें तों कोडनवीस कामांत ऐसे रंगले कीं, एकानेंही तें उघडिलें नाहीं, आणि कॅरमवर धूळ बसली. बाईसाहेबांनीं हुजुरांस कळविलें, "दीडशांत एक उत्तर नाहीं. लोक दुःखानें मुके जाहले." हुजूर कळवळले आणि दुसरा कॅरम मंजूर जाहला.

जैसें घडलें तैसें उतरविलें, पदरचें घातलें नाहीं. निंबाजीरावांनीं चाकरी सोडिली नाहीं.