चिमणीचा दर्जा

जी वस्तू काम करत असते तिच्याकडे समाजाचं लक्ष जात नाही, आणि ज्या वस्तूकडे समाजाचं लक्ष जातं तिला पुन्हा काम करता येत नाही. हा नियम माणसांनाही लागू आहे, पण आमच्या समितीचं कार्यक्षेत्र विटांपुरतं असल्यामुळे मी विटांबद्दलच बोलेन.

आमच्याकडे दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर लाल विटांची एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली बेकरी, वर बेकरीवाल्यांचं बिऱ्हाड आणि त्याच्याही वर अष्टकोनी चिमणी. चिमणीच्या गळ्याशी विटांची नक्षी आहे. ही नक्षी फार थोड्या लोकांनी पाहिली होती, कारण तिथून जाणाऱ्यांचं नाक पावाच्या वासाकडे आणि डोळे रांगेत पुढे कोण घुसतंय याकडे असत.

चिमणीची देखभाल त्या काळी अत्यंत अशास्त्रीय पद्धतीने होत असे. पाऊस संपला की बेकरीवाल्या काकू आपल्या गवंडी भावाला बोलावत. (घरातली मुलं त्याला मामा म्हणत, म्हणून सगळी गल्लीही मामाच म्हणे.) मामा वर चढत, विटांमधला भुसभुशीत झालेला चुना खरवडून काढत, नवा भरत, खाली उतरत, बेकरीवाल्या काकांशी कसल्यातरी जुन्या गोष्टीवरून भांडत आणि गरम पाव खाऊन घरी जात. बस, एवढंच. अध्यक्ष नाही, अहवाल नाही, साधी उपसमितीसुद्धा नाही. तरीही चिमणी पिढ्यान् पिढ्या उभी राहिली, हा निव्वळ योगायोग होता असं आमच्या तज्ज्ञांचं मत आहे.

मग नवा नियम आला. गवंड्याला वर चढायला रस्त्यावर परांची बांधायची तर परवानगी हवी. काका म्हणाले, “दुर्लक्ष कर.” पण काकू सरळमार्गी. त्यांनी नगरकचेरीत अर्ज दिला : ‘चिमणीच्या दरजा भरायच्या आहेत, परवानगी मिळावी.’

विटांमधल्या सांध्यांना गवंडी लोक दरजा म्हणतात. कचेरीत गवंडी कोणी नव्हतं. अर्ज आधी पक्षी विभागाकडे गेला. त्यांनी तत्परतेने कळवलं, की चिमण्यांची संख्या घटते आहे ही खेदाची बाब असून अर्जदाराने खिडकीत दाणे व पाणी ठेवावं. तिथून तो परत आला तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने त्यातलं शुद्धलेखन सुधारलं : ‘चिमणीला दर्जा मिळावा.’ आणि इतक्या विनम्र मागणीला नाही कसं म्हणायचं म्हणून दर्जा मिळाला. ऐतिहासिक वास्तू, वर्ग पहिला.

भिंतीवर पितळी पाटी लागली, तेव्हा काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. पाटी वाचून त्या साहेबांना म्हणाल्या, “अहो, पण आम्हाला नुसता चुना लावायचा होता.”

“ते काम आता आमच्याकडे,” साहेब म्हणाले.

याप्रमाणे चिमणी जतन समिती स्थापन झाली आणि मी तिचा सचिव झालो. अध्यक्षपदी एक निवृत्त दंतवैद्य नेमले गेले. काही कुजक्या लोकांनी यावर टीका केली. पण विचार करा : फटी भरणं, कीड शोधणं, हलणारी वस्तू जागेवर ठेवणं आणि समोरचा ओरडत असताना शांत राहणं, या चारही गोष्टींचा प्रदीर्घ अनुभव शहरात दुसऱ्या कोणाला होता?

अध्यक्षांनी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून, मान तिरकी करून, चिमणीची तपासणी केली. मामांना बोलावून विचारलं, “चुना कोणत्या ग्रेडचा वापरता?”

“पिशवीतला,” मामा म्हणाले.

यानंतर मामांना चिमणीपासून कायमचं दूर ठेवण्यात आलं. त्यांच्या जागी निविदा काढून एक कंपनी आली आणि तिने सगळ्या सांध्यांत उत्तम प्रतीचं सिमेंट भरलं. सिमेंट इतकं पक्कं निघालं, की पुढच्या पावसानंतर ते जसंच्या तसं राहिलं, फक्त विटांचे पापुद्रे सुटून खाली पडू लागले. समितीने यातून निष्कर्ष काढला की दोष विटांचा आहे. जमलेले तुकडे काचेच्या कपाटात मांडून ठेवले. (शाळांच्या सहली येतात.)

पाणी आत मुरू नये म्हणून अध्यक्षांनी चिमणीला टोपी बसवायचं ठरवलं. दाढेला बसवतात तशी. तांब्याची, चकचकीत, काठ घट्ट दाबून सांधलेली. ती बसली आणि समितीच्या सदस्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्याच दिवशी काकू कचेरीत आल्या. डोळे लाल, आवाज बसलेला.

“साहेब, धूर घरात येतोय.”

“किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“सगळा.”

“म्हणजे वरून थोडाही जात नाही?” अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले. “सचिव, लिहून घ्या. शंभर टक्के बंदिस्त.”

काकूंना खोकल्याची उबळ आली. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. (इतिवृत्तात याची नोंद ‘अर्जदारास सहकार्य’ अशी आहे.) पाणी पिऊन त्या म्हणाल्या, “टोपी काढा नाहीतर बेकरी बंद करावी लागेल. ग्राहक आत पाय ठेवत नाहीत. हे पीठ मळताना रडतात, आणि लोकांना वाटतं मी मारते.”

समिती असंवेदनशील नव्हती. आम्ही तज्ज्ञ नेमला. तज्ज्ञाच्या अहवालानुसार चिमण्यांच्या ऱ्हासाचं प्रमुख कारण धूर हेच असतं. जगातल्या पडलेल्या चिमण्यांपैकी जवळपास सर्व चिमण्यांमधून कधी ना कधी धूर गेल्याचं आढळलं. तेव्हा टोपी ठेवून धूर बंद करणं हाच शास्त्रीय मार्ग उरला.

भट्टी विझली. वरच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून चिमणीची नळी जात असे. लग्न होऊन आल्यापासून ती भिंत कधी गार लागलेली काकूंना आठवत नव्हती. काका तिथे स्टूल टाकून बसले आणि पुन्हा पुन्हा भिंतीला हात लावून बघू लागले. शेवटी काकू म्हणाल्या, “उठा आता. भिंतीला ताप नाही, एवढं बघून झालं ना?” मग त्याही शेजारी बसल्या. त्या दिवशी मामा आले, पण भांडले नाहीत. घरात खरोखर काहीतरी बिघडलंय हे गल्लीला तेव्हा कळलं.

महिन्याभरात मामांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकली, आत छोटी भट्टी बांधली आणि तिला पत्र्याचाच एक वाकडा पाइप लावला. पाव पुन्हा निघू लागले. रांग मागच्या दाराशी लागू लागली.

इकडे जनतेच्या तक्रारी आल्या. चिमणी छान दिसते, पण फोटोत जिवंत वाटत नाही. धूर हवा. समितीने जनमताचा आदर करून धूर काढणारं यंत्र मागवलं. लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीच्या पायाशी सोडतात तसलं, फक्त मोठं. ते जुन्या भट्टीच्या जागी बसवलं, त्यात पावाच्या वासाचं द्रावण घातलं, आणि उद्घाटनाला सगळ्या प्रतिष्ठितांना त्या खोलीत खुर्च्या मांडून बसवलं. अध्यक्षांनी बटण दाबलं.

टोपीचं कोणाच्याच लक्षात नव्हतं.

धूर वर गेला, टोपीला टेकला आणि विचार करून खाली आला. पहिल्या रांगेचे बूट दिसेनासे झाले, मग पहिली रांगच दिसेनाशी झाली. आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ नेटाने बोलत होते, पण ते कोणत्या दिशेला आहेत हे कळत नव्हतं. पाहुणे खुर्च्यांना अडखळत मागच्या दाराने अंगणात आले. काकूंनी सगळ्यांना बाकावर बसवून पाणी दिलं, डोळ्यांवर ठेवायला ओले रुमाल दिले. अध्यक्षांना त्यांनी स्वतः हात धरून बसवलं.

“आता तरी टोपी काढा,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “काढली असती हो,” ते म्हणाले, “पण गेल्या आठवड्यात टोपीलाही दर्जा दिलाय.”

काका हसू लागले. भट्टी विझल्यापासून पहिल्यांदाच. मामाही हसले, आणि हसता हसता काकांना म्हणाले, “भावजी, तुम्ही तेव्हाच बायकोला अडवायला हवं होतं.” काका म्हणाले, “तुझी बहीण आहे, तू अडव.” आणि दोघांची जोरात जुंपली. काकूंनी समाधानाने पावांचा ट्रे बाहेर काढला.

तो पाव खाता खाता अध्यक्षांची नजर वर गेली. पत्र्याच्या वाकड्या पाइपातून निळसर धूर निघत होता. “सचिव,” ते हळूच म्हणाले, “हे किती सुंदर आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पाइपाचं माप घ्यायला टेप घेऊन गेलो. पाइप जागेवर नव्हता. शेडच्या छताला नुसतं भोक होतं.

“कुठला पाइप?” काकू म्हणाल्या. “तो होय? कालच मोडीत दिला. अगदी कुरूप होता हो, गळका, आणि नवाकोरा. इतिहास म्हणून काही नव्हताच त्याला.” त्यांच्या मागे मामा एका लांबोळक्या गाठोड्यावर बसले होते आणि गाठोड्याच्या एका टोकातून काजळी सांडत होती. माझ्या लक्षात आलं, पण सचिवाचं काम पाहण्याचं नसून नोंदण्याचं असतं, आणि पेन मी विसरलो होतो.

तेव्हापासून समितीच्या हाताला काम नाही. चिमणी पूर्ण सुरक्षित आहे. ती थोडी झुकल्यामुळे तिच्या खालून कोणी जात नाही, म्हणून तिला आता कोणापासूनच धोका उरलेला नाही.

मात्र, वाचकमहाशय, परवा तुमच्या गल्लीतून जाताना अध्यक्ष तुमच्या घरासमोर थांबले. बराच वेळ थांबले. तुम्ही खिडकीत हे असंच काहीतरी वाचत, गालातल्या गालात हसत बसला होतात. ते चित्र त्यांच्या मनात भरलं. घराचं वय, ओल, कुरकुरणारं दार, सगळं नियमात बसतं. शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी मोठ्या प्रेमाने सह्या दिल्या. पाटी तयार आहे. तुम्ही काहीही करायचं नाही. कशाला हात लावायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, चूल पेटवायची नाही. फक्त सोमवारी माप घ्यायला आम्ही येऊ, तेव्हा खिडकीतून हलू नका. घर यादीत तुमच्यासह घेतलंय.