फ्रिजमधला कॉम्प्युटर

टिपणीसाहेबांनी फोनवर एक वाक्य कमी बोलायला हवं होतं. पण तोंडाला कुलूप लावणं त्यांना जन्मात जमलं नाही.

लेकीनं परगावाहून विचारलं, "बाबा, माझा लहानपणीचा कॉम्प्युटर अजून आहे का हो?"

"आहे" म्हणून थांबता आलं असतं. साहेब म्हणाले, "आहे म्हणजे? अगदी टकाटक चालतो!"

(तीस वर्षं तो माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. टकाटक काही असेल तर ती चादर.)

"मग रविवारी पिल्लूला घेऊन येते. दहा वर्षांची असताना मी त्याच्यावर एक प्रश्नमंजुषा केली होती ना, ती तिला खेळायचीय. काय प्रश्न घातले होते ते मलाही आठवत नाही."

फोन ठेवल्यावर साहेबांनी मान वर करून माळ्याकडे पाहिलं.

त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि समोर येईल त्या कागदावर टिपणी लिहायची त्यांना अशी सवय जडली, की हे नाव पडलं. निवृत्त झाल्यावर ते वाण्याच्या यादीवरही टिपणी लिहू लागले. तेव्हा कॉम्प्युटरचे खेळ गाण्यांच्या कॅसेटवरच साठवत; लेकीच्या त्या खेळाची कॅसेटही त्यांनी क्रमांक घालून जपली होती, पण लावून कधीच पाहिली नव्हती. लेकीनं तिच्यावर "गोपनीय" असं लिहिलं होतं, आणि गोपनीय पाकीट परस्पर उघडणाऱ्यांतले ते नव्हते.

लहानपणी सायकलची चेन निघाली, रेडिओ मुका झाला, की ही पोर "बाबा, करून द्या ना" म्हणत त्यांच्याकडेच धावायची. आता ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर होती, आणि मोबाइलमध्ये कुठे बोट लावायचं हे फोनवरून तीच बाबांना शिकवायची. साहेबांना हे मनाला लागायचं. मरण्याआधी एकदा तरी तिनं पुन्हा "बाबांनी केलं" म्हणावं, एवढी एकच इच्छा उरली होती, आणि रविवारपर्यंत हाताशी चार दिवस होते.

बुधवारी कॉम्प्युटर खाली उतरला. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. त्याला टीव्ही जोडायचा आणि कॅसेट प्लेयर लावायचा, की झालं. साहेबांनी बटण दाबलं. टीव्हीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि जागच्या जागी थरथरत राहिल्या.

साहेबांनी ताबडतोब फाइल उघडली. "विषय: घरगुती संगणक, बिघाडाबाबत."

बायको मुलींना शिवण शिकवायची. शिलाई मशिनं खोलण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "उघडा, पुसा, आणि खाचेत जे जे बसवलंय ते अंगठ्यानं दाबा. मशीन पडून राहिलं की आतलं सैल होतं."

"अगं, हे शिलाई मशीन नव्हे! याला अभ्यास लागतो."

"बरं," बायको म्हणाली.

(या "बरं"चा अर्थ ज्याला कळला तो संसारात तरला. साहेबांना अजून कळायचा होता.)

गुरुवारी अभ्यास झाला. त्यात संशय टीव्हीवर आला आणि साहेबांनी त्याची मागची सगळी बटणं फिरवून पाहिली. कॉम्प्युटरच्या पट्ट्या तशाच राहिल्या. बातम्या सांगणारी बाई मात्र त्या दिवसापासून हिरवी दिसू लागली. शुक्रवारी एका जुन्या मासिकात रत्न सापडलं: एखादी चिप गरम होऊन दगा देत असेल, तर ती थंड करून पाहावी. साहेबांनी मासिक मिटलं आणि फ्रिज उघडला.

"अहो, दूध कुठे ठेवू?"

"शेजारी दे."

"भाजी?"

"बादलीत."

"आणि मी?"

"तू बाहेरच बरी आहेस," साहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

मधला कप्पा रिकामा करून कॉम्प्युटर आत गेला. टीव्ही ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणला, तरी वायर हातभर कमी पडली. शनिवारी सकाळी साहेब लांब वायर आणायला बाजारात गेले. दुकानदाराला फ्रिजची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागल्यामुळे दीड तास मोडला. परत येऊन त्यांनी वायर जोडली, गळ्याला मफलर गुंडाळला, हात आत घातला आणि बटण दाबलं.

पट्ट्या नव्हत्या! स्वच्छ पडदा, आणि कोपऱ्यात लुकलुकणारा एक चौकोन.

"चालला! अगं, चालला!" साहेब लहान मुलासारखे नाचले.

"छान झालं," हात पुसत बायको म्हणाली.

फाइलवर शेवटची टिपणी पडली: "शीतोपचाराने दोष दूर झाला. सदर यंत्र कोणत्याही कारणास्तव फ्रिजबाहेर काढू नये."

रविवारी लेक आणि सात वर्षांची नात आल्या. साहेबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. दोघींना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजचं दार उघडून बाजूला उभे राहिले.

लेकीनं वाकून आत पाहिलं. "बाबा, फ्रिजमध्ये? आत दव धरेल ना!"

"उष्णतेचा दोष आहे. तुमच्या कॉलेजात शिकवला नसेल."

लेकीनं आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे पाहत होती. मग लेक जवळ आली आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कमाल आहे हो तुमची, बाबा. केलंत तुम्ही."

साहेबांनी मफलर नाकापर्यंत ओढला. ते खोकले आणि खोकला फ्रिजच्या गारव्यावर ढकलला.

नात स्वेटर घालून फ्रिजपुढे स्टुलावर बसली. कॅसेट चार मिनिटं कर्कश किंचाळली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं. नात एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली.

"सायकल कोण दुरुस्त करतं?"

"लिही, 'बाबा'," साहेब छाती फुगवून म्हणाले.

नातीनं लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: "चूक. बाबा ऑफिसला गेले की आई करते."

लेकीनं जीभ चावली. "अगं बाई, हे प्रश्न होते होय! पिल्लू, बंद कर ते."

पण पिल्लू रंगात आली होती. "रेडिओ कोण दुरुस्त करतं?" या खेपेला साहेब टीव्हीची वायर तपासू लागले. नातीनं आपल्या मनानं "आई" लिहिलं आणि तिला दहा गुण मिळाले.

साहेब हळूच बायकोकडे वळले. "काल मी वायर आणायला गेलो होतो, तेव्हा..."

"चार तर स्क्रू होते," बायको म्हणाली. "चिपा दाबून बसवल्या, टीव्हीपाशी नेऊन लावून बघितलं. चालला."

"बाहेर? गरमीत? मग परत फ्रिजमध्ये कशाला ठेवलास?"

"तुम्ही ठेवला होतात ना. म्हटलं, चालू व्हायचा तर तुमच्याच हातून होऊ दे. दूध काय, शेजारी एक दिवस जास्त राहील."

साहेब खुर्ची ओढून बसले. तेव्हाच्या साऱ्या चेन, रेडिओ आणि इस्त्र्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मला सगळं ठाऊक होतं, बाबा," लेक त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "तरी तुमच्याकडेच आणायचे. मोडकी वस्तू हातात घेतली की तुमचा चेहरा असा काही खुलायचा! आईचा चेहरा कधी नाही खुलला."

"मला कामं पडलेली असायची," आई म्हणाली.

साहेबांना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण त्याच्या दुप्पट बरं वाटत होतं. आपल्या चेहऱ्यासाठी दोन माणसांनी इतकी वर्षं एवढा खटाटोप केला, हे काही थोडं नव्हे. त्यांनी गळ्यातला मफलर काढून ठेवला.

तेवढ्यात नात म्हणाली, "शेवटचा प्रश्न आलाय! बाबांना हे सांगायचं का? हो की नाही?" ती गोंधळून मागे वळली. "आजोबा, हे बाबा म्हणजे तुम्हीच ना? मग काय दाबू?"

साहेबांनी प्रश्न दोनदा वाचला आणि कचेरीतल्या सवयीनं त्यावर पूर्ण विचार केला.

"'नाही' दाब," ते म्हणाले. "उगाच वाईट वाटेल त्यांना."