नावे सरळ, करंट प्रस्तावित

“मखमल एकाच दिशेनं फिरव, शिवांजली. मागं-पुढं केलंस की सगळं विस्कटलं,” असं निवृत्त होताना मंगल मॅडम सांगून गेल्या होत्या. त्याप्रमाणे कराडच्या आमच्या महाविद्यालयात शिवांजलीने काचेवरच्या पॉलिमरच्या लेपावर मखमलीचं फडकं घासून त्यातल्या रेणूंच्या साखळ्या विंचरलेल्या केसांसारख्या एका दिशेला बसवल्या. प्रकाशाची लहर साखळीच्या बाजूने डोलत आली की साखळी तिला पिऊन टाकते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, करंट वाहतो. लहर आडवी डोलली, तर जेमतेम. लहरीला दिशा देण्यासाठी पुढे आणखी एक काच होती. तिला गाळणी म्हणत.

आज तपासणी समितीपुढे करंट मोजणाऱ्या मीटरची सुई हलली नाही, तर प्रयोगशाळा बंद करून तिथे सत्काराच्या शाली ठेवण्याचे ठरले होते.

लेपाची काच भाऊसोंची देणगी, गाळणी त्यांचे धाकटे बंधू नानासोंची. दोन्हींवर सोनेरी नावे. यात वावगे काही नाही. मी रोज जाते त्या देवळातला पंखासुद्धा बंद असतो, कारण फिरला की देणगीदार वाचता येत नाही.

नावे सरळ लावली. सुई हलेना.

“नावं सरळ ठेवली की लहर साखळ्यांना आडवी पडते. एक काच आडवी फिरवावी लागेल,” शिवांजली म्हणाली.

“माझं नाव आडवं?” भाऊसो म्हणाले. “त्याची फिरवा की. बारका हाय.”

“आवं दादा, जलमभर मीच आडवा व्हायचं व्हय?”

प्राचार्य मानसिंग सरांनी जागीच उपसमिती नेमली. तिचा निर्णय असा की, काच फिरवावी आणि वाचणाऱ्यांनी आडवे व्हावे. सतरंज्या आल्या. भाऊसोंची काच फिरली, मान्यवर कुशीवर झाले आणि सुई सर्रकन वर गेली. तिच्याकडे कुणी पाहिले नाही, कारण झोपल्यावर भाऊसो सरळ दिसत होते, नानासो मात्र आडवे. नानासो उठून चपला शोधू लागले.

शेवटी दोन्ही नावे सरळ करून स्क्रूने कायमची पक्की केली. अहवाल झाला : ‘उपकरणे सन्मानपूर्वक सरळ असून करंट प्रस्तावित आहे. प्रयोगशाळा चालू ठेवावी.’ टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझ्या मागच्या रांगेत तुम्ही होता; आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.

सगळे पांगल्यावर झाडलोट करणाऱ्या शालूबाई सतरंज्यांच्या घड्या घालत शिवांजलीला म्हणाल्या, “पोरी, सुई हालली म्हणं. मला काय दिसलं न्हाई. दावशील?”

“दाखवते, मावशी.”

शिवांजलीने कपाटातून बिननावाची एक कोरी काच काढली, नवा लेप द्यायला धुतली आणि बाहेरचा उजेड अडवायला खिडक्यांचे पडदे ओढून घेतले.