घरचं घरच्यापाशी

आमच्या दवाखान्यात चप्पल जिथे काढली तिथेच पुन्हा सापडेल, अशी आशा कोणी करू नये. चोरीला जात नाही, दिगंबरमामा ती हलवतात. ओपीडीच्या दारात चपलांचा ढीग पडला की मामा उकिडवे बसतात आणि त्या घराघराप्रमाणे लावायला घेतात. कोणती चप्पल कोणत्या घरची हे त्यांना म्हणे वाळलेल्या चिखलावरून कळतं. काळ्या रानातला चिखल एकीकडे, मुरमाचा एकीकडे, मग त्यात बाप, आई, पोर असे जोड शेजारी शेजारी. तोवर कोणी पाय पुढे केला तर मामांचा हात आडवा. "दमा जरा, लावायलोय."

मामा शिपाई नाहीत. परभणीतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याचा सर्व्हर त्यांच्या ताब्यात आहे. केसपेपर, तपासण्या, कोण कोणत्या खाटेवर, सगळं त्या एका मशिनीत. मी केसपेपरच्या खिडकीत बसते. मशीन चाललं तर मी ताई, अडलं तर परभणी जिल्ह्यातली सगळ्यात आळशी बाई.

आणि गेल्या काही महिन्यांत ते रोज अडायला लागलं. सकाळी खिडकी उघडून पहिलं नाव टाकलं की पडद्यावर गोल चक्र फिरत बसायचं. समोर रांग वाढायची. कडेवर तापलेली लेकरं, ताडकळसहून पहिल्या गाडीने आलेली म्हातारी माणसं, आणि इकडे मी तेच नाव पुन्हा पुन्हा टाकतेय. मामा मानवतहून एसटीने येतात. ते पोचेपर्यंत मशीन हमखास सुरळीत झालेलं असायचं. "माझ्यापुढं तर पळायलंय की," असं म्हणून ते माझ्याकडे संशयाने बघायचे.

तरी शोध त्यांनी मनापासून घेतला. आधी उंदरावर आळ घेतला. मग औषधाच्या दुकानातल्या नव्या प्रिंटरवर. मग एक्स-रेवाल्या पाटलांवर, कारण ते सर्व्हरच्या बोर्डाला मोबाइल चार्जिंगला लावतात. पाटील त्यांच्याशी बोलेनासे झाले. सर्व्हरला ताप आहे का बघायला मामा त्याच्या पत्र्यावर पालथा हात ठेवायचे. शेवटी त्या खोलीत एसी बसवून घेतला. मशीन गार पडलं, रांग होती तशीच.

एका सकाळी धाप लागलेली बाई आली. तिला कोणतं औषध सोसत नाही ते मशिनीतल्या तिच्या जुन्या कागदावर होतं, आणि तो कागद उघडेना. डॉक्टर माझ्या डोक्यावर उभे, नवरा खिडकीचे गज धरून उभा. ती बाई वाचली, पण गोष्ट ट्रस्टच्या अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांनी मामांना सांगितलं, सोमवारी पुन्हा अडलं तर हे काम संभाजीनगरच्या एका कंपनीला देऊ, तुम्ही घरी बसा. मामांचं तोंड एवढंसं झालं.

सोमवारी मामा पहिल्याच गाडीने आले. अध्यक्ष माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. मी नाव टाकलं. चक्र. मामा सर्व्हरच्या खोलीत आत-बाहेर करून घामाघूम झाले आणि काही सुचेना तेव्हा दारात जाऊन चपला लावायला बसले. मला आता रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. नोकरी जायची वेळ आली आणि हा माणूस चपला काय लावतोय?

बोरीची एक आजी तपासून बाहेर निघाली. मामांनी सवयीने हात आडवा केला. आजी अनवाणी, तिच्यामागे आणखी माणसं खोळंबलेली.

"माज्या वहाणा मला समोर दिसायल्यात," आजी म्हणाली. "तू लावायलास म्हणून मी कामून थांबू?"

मामा जागच्या जागी बसून राहिले. मग उठले आणि तिची एक वहाण हातात तशीच घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेले.

बाहेर आले ते सरळ अध्यक्षांसमोर. भानगड साधी होती. पेशंट येतील तसे त्यांचे कागद मशिनीत एकामागोमाग साठत जातात. मामांना ते बघवत नव्हतं. त्यांनी मशिनीला रोज पहाटेचं एक काम नेमून दिलं होतं. सगळे कागद उचलायचे आणि एका घरचे एकाशेजारी एक रचायचे. रचणं संपेपर्यंत मशीन त्या कागदांना कोणालाही हात लावू देत नाही. आधी कागद थोडे होते, खिडकी उघडायच्या आत उरकायचं. आता ते इतके वाढले की रचणं ओपीडीच्या वेळेत शिरलं होतं, आणि मानवतची एसटी येईतो संपत होतं.

"साहेब, माझ्याच हातची चूक हाय," मामा म्हणाले. "उंदराचा काई दोष न्हाई."

त्यांनी ते काम कायमचं बंद केलं. चक्र गेलं, रांग हलली, आजीला वहाण मिळाली. अध्यक्ष काही न बोलता उठून गेले. आमच्याकडे अध्यक्ष बोलले नाहीत, म्हणजे माणूस राहिला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी मामांना डिवचलं. केसपेपरचा नंबर टाकला की कागद सापडतो, मग हा घराघराचा संसार मांडायचं नडलं होतं काय? आणि एवढीच हौस असेल तर मध्यरात्री लावा. ते म्हणाले, रात्री अपघातवाले येतात, त्यांना 'दमा जरा' म्हणता येत नाही. मग माझ्या मागची खुर्ची ओढून बसले.

"त्या कोरोनाच्या साथीत आमी दोघंबी एकाच दवाखान्यात व्हतो, ताई. मी वर, ती खाली. रोज इचारायचो, माझी बायको कशी हाय. ते माझा नंबर टाकायचे, माझाच कागद निघायचा. तिचा नंबर मला ठावं नव्हता. घरी सोडायच्या दिवशी सांगितलं, ती जाऊन हप्ता झाला."

मला फार वाईट वाटलं. मशीन चालू झाल्याचा सकाळपासूनचा आनंद कुठे ठेवावा कळेना.

"आता पुन्हा समदे येगळेयेगळे पडतील," मामा म्हणाले. "कुणी इचारलं तर तुमी सांगताल ना, कोण कुठं हाय ते?"

मी सांगेन म्हणाले. तेवढ्यात एक माणूस भरती व्हायला खिडकीशी आला आणि नाव सांगू लागला. मी आधी विचारलं, घरचं आणखी कोणी आत आहे का. आई आहे म्हणाला. मी तिचा नंबर शोधला आणि त्याच्या केसपेपरवर त्याच्या नावाशेजारी लिहिला.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते.

"खाट कोणती, तेबी लिवा," ते म्हणाले.