गरम पाण्याचा परवाना

पोचकाकांच्या कॅम्पर व्हॅनमध्ये गरम पाण्याची सोय झाली ती मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता. सोय उत्तम होती. गाडी तासभर चालली की वीस लिटर पाणी आंघोळीजोगं तापत होतं, नळ गळत नव्हता आणि कोणाचीही काही तक्रार नव्हती. नेमकं हेच काकांना खटकलं.

काका बत्तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, आणि दोन्हींची पोच. निवृत्तीनंतर शिक्का कचेरीत राहिला, सवय मात्र घरी आली. शेजारीण वाटीभर साखर परत करायला आली तरी तिला 'मिळाली' असं लिहून द्यायचे. म्हणून गल्लीत ते पोचकाका. माणूस पापभीरू, पण पापापेक्षा कलमाला जास्त भिणारा.

व्हॅन घेतली होती काकूंसाठी. काकूंची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहायची आणि तिने अंथरूण धरलं होतं. "एकदा येऊन जा गं, डोळे भरून बघते तुला," एवढंच ती फोनवर म्हणायची. काकूंना सांध्यांचं दुखणं. रोज सकाळी गरम पाणी मिळालं नाही तर बोटं अशी आखडायची की चहाचा कप उचलवत नसे. वाटेतल्या मुक्कामात गरम पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून काकांनी गरम पाणीच बरोबर न्यायचं ठरवलं. या माणसाचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. होतं, पण तेही रीतसर होतं.

"इंजिन तापतंच ना, काका?" गॅरेजवाल्या मिस्त्रीने समजावलं होतं. "ती उष्णता वायाच जाते. इंजिनाचं गरम पाणी तांब्याच्या नळीतून तुमच्या टाकीत फिरवतो. ते पाणी वेगळं, तुमचं वेगळं. गॅस नको, वीज नको. चाळीस गाड्यांना बसवलंय मी."

काकूंनी नळाखाली हात धरले, बोटं उघडून-मिटून पाहिली आणि कित्येक महिन्यांनी मोकळं हसल्या. "उद्याच निघू या."

"निघू ना," काका म्हणाले. "फक्त एक अर्ज देऊन येतो."

"कसला अर्ज? कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"विचारत नाहीत, म्हणूनच आपण सांगायला हवं."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं याचे वर्ग कुठे निघाले असते, तर काका तिथे मुख्याध्यापक शोभले असते.

वाहन कचेरीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. भला माणूस होता. "काका, आमच्या फॉर्मात असला रकानाच नाही. घरी जा, मजेत आंघोळ करा."

"पण नियम काय म्हणतो?"

"नियमच नाही."

"मग तो असायला नको का?"

कारकुनाने आजूबाजूला पाहिलं. अर्ज परत घ्यायला त्याने काकांना चांगली दोन मिनिटं दिली. काका हलले नाहीत. तेव्हा निरुपायाने तो अर्ज घेऊन साहेबांकडे गेला, आणि त्या मजल्यावरच्या बारा माणसांना वर्षभर पुरेल एवढं काम मिळालं.

साहेब विचारी होते. "इंजिन चालू असताना पाणी तापतं. म्हणजे आंघोळ चालत्या गाडीत होणार."

"नाही साहेब, गाडी थांबवून."

"तसं लेखी कुठे आहे?"

लेखी कुठेच नव्हतं. काकांना स्वतःचीच शरम वाटली. चालत्या वाहनातल्या प्रत्येक व्यक्तीने पट्टा बांधणं सक्तीचं असल्यामुळे आंघोळ करणाऱ्या व्यक्तीलाही पट्टा लागू झाला. काकांनी तो बसवून घेतला. मग लक्षात आलं की पट्ट्याला आसन लागतं. आसन आलं म्हणजे प्रवासी आला, आणि प्रवासी आला म्हणजे संकटात बाहेर पडायला खिडकी आली. मिस्त्रीने दात-ओठ खात न्हाणीच्या पत्र्याला खिडकी पाडली. खिडकीतून आतलं दिसतं असा शेरा आला. काच दुधी केली. दुधी काचेला वाहनात बंदी होती. या सगळ्यात दीड महिना गेला.

अखेर साहेबांनीच तोड काढली. काच पारदर्शक ठेवावी आणि 'मी वाहनात नेहमी पूर्ण पोशाखात आंघोळ करीन' असं हमीपत्र काकूंनी द्यावं.

"मी असल्या कागदावर सही करायची?" काकू म्हणाल्या. "लाज नाही वाटत तुम्हाला?"

"नुसती सही गं. आंघोळ तू तुझ्या मनासारखीच कर."

बहिणीसाठी म्हणून काकूंनी सही केली. बोटं आखडलेली होती, त्यामुळे ती जुन्या सहीशी जुळली नाही. काकांनी त्यांना घरी नेलं, हात शेकले आणि पुन्हा कचेरीत आणलं. तोवर जेवणाची सुट्टी झाली होती.

इकडे बहिणीचे फोन आखडत चालले होते. आधी ती पंधरा मिनिटं बोलायची, पुढे नुसतीच ऐकायला लागली. शेवटी भाचा फोन तिच्या कानाशी धरायचा, आणि काकू इकडून म्हणायच्या, "ताई, निघतोच आहोत आम्ही." तिकडून श्वास ऐकू यायचा. काकू फोन ठेवून काकांकडे बघायच्या. काका फायलीत बघायचे.

चौथ्या महिन्यात तीन सदस्यांची समिती पाण्याचं तापमान मोजायला आली. तपासणीच्या वेळी वाहनाचं इंजिन बंद ठेवणं बंधनकारक होतं. कचेरीच्या आवारात गाडी सकाळपासून बंद उभी होती आणि समिती दुपारी चारला उतरली. पहिल्या सदस्याने नळ सोडला, दुसऱ्याने तापमापी धरली, तिसऱ्याने लिहून घेतलं : 'गरम पाणी तपासले. थंड आढळले. भाजण्याचा धोका नाही. शिफारस करण्यास हरकत नाही.'

आठ दिवसांनी परवाना आला. जाड कागद, खाली तीन सह्या. सदर वाहनात गरम पाण्याची व्यवस्था ठेवण्यास मंजुरी देण्यात येत आहे, मात्र धावत्या वाहनात पाणी तापवू नये, आणि थांबलेल्या वाहनाचं इंजिन विनाकारण चालू ठेवू नये. तांब्याची नळी त्वरित काढून टाकावी.

काकांचे डोळे पाणावले. एवढा सुबक कागद त्यांनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी मिस्त्रीला नळी काढायला बोलावलं.

मिस्त्री आला तो रागाने लाल होऊन. "तुमच्या अर्जावरून परिपत्रक निघालंय, काका. माझ्या चाळीसच्या चाळीस गाड्यांना नोटिसा! दहा वर्षं लोक सुखाने आंघोळ करत होते. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

"परिपत्रकात माझ्या अर्जाचा संदर्भ दिलाय का?" काकांनी विचारलं.

त्याने नळी काढून काकांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान व्हॅनमध्ये चढत असताना भाच्याचा फोन आला. काकूंनी घेतला. "मावशी," तो म्हणाला, "निघाला असाल तर सावकाश या. आता घाई नाही."

काकू गाडीच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या रडल्यासुद्धा नाहीत. काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग तो हात हळूच निघाला आणि खिशातल्या परवान्याकडे गेला.

"अगं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "यात प्रवासाचं प्रयोजन 'आजारी बहिणीस भेटणे' असं लिहिलंय. ते आता लागू नाही. दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल. दोन दिवसांचं काम."

आपल्या घरात चुकून शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं, तसं काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. उठल्या, आपली पिशवी घेतली आणि समोरच्या गॅरेजात गेल्या. मिस्त्रीच्या खटारा व्हॅनमध्ये नळी अजून जागेवर होती. त्याने स्वतःच्या गाडीबद्दल कधी कोणाला काही कळवलंच नव्हतं. पाचव्या मिनिटाला ती गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. काका दुरुस्तीचा अर्ज लिहायला घरात गेले.

आता हे वाचून ज्यांना त्या साहेबांचा आणि समितीचा राग आला असेल, त्यांनी तो खुशाल बाळगावा. फक्त एवढं ध्यानात घ्यावं, की काकांना कचेरीने बोलावलं नव्हतं. आणि तुम्हीही कोणाला तरी "येतोच" म्हणून सांगितलंय. तुम्हाला कोणी अडवलंय, ते जरा आठवून बघा.