ढब्बूजीराव व शेवंता यांनीं दत्तकाच्या पाहणीस कैसें तोंड दिलें त्याची हकीकत

श्री. उंबरठ्यावरील दैवतास आणि त्याच उंबरठ्यावर आडवे निजून येणाराजाणाराची वाट अडविणारांस नमन असो. थोरांनीं पुसिलें कीं, घरांत दोन कुत्रीं असतां दत्तकाची मंजुरी कैसी जाली, तें जैसें घडलें तैसें सांगणें, त्याजवरून सांगतों. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. संवत्सराचें नांव क्रोधी, परंतु त्या सालीं राज्यांत रागावलें ऐसें कोणी नाहीं, भ्यालीं मात्र सर्व.

राज्य म्हणजे तिसरे मजल्यावरील तीन दालनें आणि पुढें कुंड्यांचा सज्जा, इतका मुलूख. गादीवर हेरंबराव, म्हणजे सोफ्याच्या ज्या कोपर्‍यांत कुत्रीं बसूं देतील तेथें विराजमान. त्यांच्या पत्नी वैजयंताबाई, सर्व कारभार त्यांचे हातीं. आणि हेरंबरावांच्या मातोश्री अक्कासाहेब, ज्यांस तरुणपणीं नाटकांत काम करावयाचें होतें तें राहून गेलें, आणि ती हौस अद्याप फिटली नव्हती. सरदार दोन. थोरला ढब्बूजीराव, काळाकभिन्न, अंगानें रेडकाएवढा आणि काळजानें चिमणीएवढा, शेजारीं फुगा फुटला तरी न्हाणीघरांत जाऊन बसे. धाकटी शेवंता, तांबडी, एका कानाची, ओंजळीएवढी, परंतु जिन्यांत टपालवाल्याची पावलें वाजलीं कीं सारी इमारत डोक्यावर घेई. दोघांसही वैजयंताबाईंनीं रस्त्यावरून उचलून आणिलें होतें.

राज्यास संतान नव्हतें. बाईंनीं बहुत वर्षें दवाखाने केले, उपासतापास केले, आणि मग एके दिवशीं पदर खोचून म्हणाल्या, "पुरे झालं. कुठंतरी एक लेकरू आईची वाट बघतंय आणि मी इथं लेकराची. मधे कोण उभं आहे?" मधें सरकार उभें होतें. मग दत्तकाचा अर्ज केला, आणि उत्तर आलें कीं मुलें दत्तक देणार्‍या संस्थेच्या बाई घर पाहावयास येतील, घरचीं माणसें पारखतील, आणि त्यांचें मत चांगलें पडलें तरच पुढील बोलणें. इतक्यांत खालच्या मजल्यावरील देवधरकाकू जिन्यांत गाठून म्हणाल्या, "कुत्री आहेत ना तुमच्याकडे? मग विसरा. कुत्री असली की देत नाहीत हो मूल." जालें! राज्याचें धाबें दणाणलें.

खलबत बसलें. हेरंबराव बोलिले, "त्या दिवसापुरती माझ्या भावाकडे सासवडला पाठवू दोघांना." वैजयंताबाई बोलिल्या, "मीच घरात आणलं, आणि मीच लपवू? जमणार नाही." तेव्हां अक्कासाहेब, ज्या तोंवर वाटाणे सोलीत उगी होत्या, त्यांचे डोळे लकाकले आणि त्या बोलिल्या, "तालीम करू. मी होते पाहणीच्या बाई." आणि मग काय पुसतां! कडक इस्त्रीचें सुती लुगडें नेसून, सांखळीचा चष्मा लावून, खांद्यास शबनम पिशवी अडकवून अक्कासाहेबांची स्वारी रोज दाराबाहेर जाई, घंटी वाजवी, आणि "नमस्कार, मी संस्थेकडून आले" म्हणून आंत येई. दोघे सरदार भिंतीशीं उगे बसले कीं पिशवींतून बिस्किट निघे. सोंग इतकें अंगांत भिनलें कीं एके दिवशीं त्यांनीं सुनेसच पुसिलें, "सासूबाईंचा त्रास होतो का काही?" सून बोलिली, "छे, अजिबात नाही." तों चष्मा सावरून म्हणतात, "खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही." बाईंस हंसावें कीं रडावें तें कळेना, आणि सांगावयाचें होतें तेंही राहून गेलें.

मग पाहणीचा दिवस उगवला. घर लख्ख, कुंड्या पुसलेल्या, हेरंबरावांचा भांग पाडलेला. घंटी वाजली आणि खर्‍या बाई आंत आल्या, नांव सुलक्षणाबाई. सुती लुगडें, चष्मा, आणि दैवाचा खेळ पाहा, खांद्यास शबनम पिशवी. सरदारांनीं पिशवी पाहिली आणि भिंतीशीं जाऊन ऐसे बसले कीं चित्रांतले. सुलक्षणाबाई बहुत संतोष पावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती शहाणी! शिकवलंय का काही?" हेरंबराव बोलिले, "छे छे, उपजतच आहेत अशी." अक्कासाहेब बोलिल्या, "घरचं वळण, दुसरं काय." चहा आला, प्रश्न सुरू जाले, परंतु बिस्किट कांहीं येईना. ढब्बूजीरावानें उजवा पंजा दिला. मग डावा दिला. मग उताणा पडून दाखविला. शेवंता दोन पायांवर उभी राहिली. तरी बिस्किट नाहीं! मग शेवंतेनें आपलें आख्खें मुंडकें सुलक्षणाबाईंच्या पिशवींत खुपसलें, आणि ढब्बूजीरावानें पुढील दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर ठेवून ऐसा गळा काढिला कीं चहाची कपबशी उपडी होऊन सारा चहा त्यांच्या लुगड्यावर गेला.

आंतल्या खोलींत नवीन लहानशी खाट मांडलेली, तीवर पिवळी चादर, आणि ती आतां तशीच राहणार ऐसें वैजयंताबाईंस दिसूं लागलें. आणि त्या उठून उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "बाई, खोटं बोललो आम्ही. महिनाभर सासूबाई तुम्ही होऊन येतात आणि यांना बिस्किटं देतात. पिशवीसुद्धा अश्शीच."

सुलक्षणाबाईंनीं अक्कासाहेबांकडे वळून पाहिलें. "मी होऊन?" अक्कासाहेब जन्मांत पहिल्यानेंच लाजल्या. मग सुलक्षणाबाईंनीं ओलें लुगडें झटकिलें आणि पुसिलें, "आणि मूल आलं, अन् ते बिस्किट दाखवून बसलं नाही, तर?"

"तर नाही बसलं!" वैजयंताबाई बोलिल्या, आणि मग त्यांस धीर धरवेना. "हा ढब्बू आला तेव्हा कितीतरी दिवस कपाटामागनं निघत नव्हता. मी काही केलं नाही. खायला ठेवायचं आणि तिथंच भाजी निवडत बसायचं. त्याला वाटलं तेव्हा आला. मुलाला मी काय शिकवणार, मला अजून कुणी आई म्हटलेलं नाही. घाबरले हो मी. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले, आणि कुत्री सोडून द्या म्हणालात तर तेही माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून ही सोंगं." आणि बाई रडूं लागल्या, आणि हेरंबरावही हातरुमाल शोधूं लागले.

मग सुलक्षणाबाई म्हणाल्या, "बरं. आता रोज राहता तसे राहा बघू जरा." हें फर्मान मोठें कठीण! हेरंबरावांस रोज आपण हात कोठें ठेवितों तें आठवेना. अक्कासाहेब देवापुढें बसल्या, ज्या एरवीं त्या वेळीं मालिका पाहात. रोजच्यासारखे वागले ते दोघे सरदारच. ढब्बूजीराव सोफ्यावर चढून सुलक्षणाबाईंस पाठ टेंकून घोरूं लागला, आणि शेवंता हेरंबरावांचा मोजा घेऊन पळाली, आणि हेरंबराव "अगं ए भवाने!" म्हणून मागें धांवले, आणि वैजयंताबाई डोळे पुसतांपुसतां हंसल्या. तेव्हां मात्र सुलक्षणाबाईंनीं कठोर प्रश्न केले: लसी टोचल्या काय, आणि मूल व कुत्रीं एकटीं सोडाल काय. वैजयंताबाई बोलिल्या, "लसी झाल्यात. आणि मोठं माणूस खोलीत असल्याशिवाय मूल आणि कुत्री एकत्र नाहीत. मधल्या दाराला जाळीचं फाटक केलंय." सुलक्षणाबाईंनीं तें फाटक दोन्ही हातांनीं हलवून पाहिलें, तें हललें नाहीं. जातांना त्यांनीं पुसिलें, "कुत्री असली की मूल देत नाहीत, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" "खालच्या देवधरकाकूंनी." "त्यांनी कधी मूल घेतलंय?" "नाही." "मग!" इतकें बोलून स्वारी गेली.

मत चांगलें पडलें. मग वाट पाहणें आलें, त्याचें वर्णन काय करावें, बाई न्हाणीघरांत जातांनाही फोन घेऊन जात. आणि मग एके दिवशीं राजकन्या जुई राज्यांत दाखल जाली, वय चार वर्षें, दोन शेंड्या, आणि चेहरा ऐसा गंभीर कीं हीच आतां घराची पाहणी करील. संस्थेंत सांभाळणार्‍या बायकांस मावशी म्हणत, त्याजमुळें तिनें अक्कासाहेबांस मोठ्या मावशी केलें आणि वैजयंताबाईंस नव्या मावशी. "नव्या मावशी, पाणी द्या." बाई "हो गं बाळा" म्हणत, पाणी देत, आणि ओट्याकडे तोंड करून नाक ओढीत. कुत्र्यांस मात्र जुईनें प्रथम फाटकाआडून पाहिलें, मग पोळीचे तुकडे टाकिले, आणि मग अक्कासाहेबांच्या देखत आंत येऊन दोघांवर हुकूम गाजवूं लागली.

पुढें एके सकाळीं बाई पोळ्या लाटीत होत्या. बाहेर अक्कासाहेबांच्या शेजारीं जुई शिरा खात होती. अक्कासाहेब चष्मा पुसावयास लागल्या तों ढब्बूजीरावानें जीभ काढिली आणि ताटली साफ. आणि दालनांतून आवाज आला, "ढब्बू! माझा शिरा खाल्लास? थांब, आईला नाव सांगते तुझं!" बाईंचें लाटणें थांबलें. ही आई कोण आली, म्हणून त्यांनीं आधीं मागें वळून पाहिलें, तों मागें फक्त फ्रीज. इतक्यांत पावलें धांवत आलीं, पदर ओढला गेला, आणि फिर्याद दाखल जाली: "बघ ना गं, ढब्बूनं माझा सगळा शिरा खाल्ला. त्याला रागव."

बाई रागावयास गेल्या. सोफ्याखालीं लपलेल्या ढब्बूजीरावापुढें बसल्या, "असं करतात का रे?" इतकें म्हणाल्या, आणि त्याच्या गळ्यांत पडून मोठ्यानें रडूं लागल्या, आणि तव्यावरची पोळी करपून गेली.

येणेंप्रमाणें राज्यांत पहिला न्यायनिवाडा जाला. अपराध साक्षीनिशीं शाबीत, अपराध्यानें कबूलही केला, मिशांस शिरा तसाच होता. शिक्षा ऐसी ठरली कीं कढई पुन्हां चढवावी, तूप सढळ घालावें, आणि पहिली वाटी ढब्बूजीरावास द्यावी. इति.